आबांचे घड्याळ आणि फोर्टची एक फेरी

माझ्या कपाटाच्या खणात पावडरीच्या रिकाम्या डब्यात एक मनगटी घड्याळ चौदा वर्षे बंद पडून होते. ते माझ्या कालकथित वडिलांचे. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. २०११ साली ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी थोरल्या चुलत्यांनी ते घड्याळ माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "मुलगा आहेस, तुझ्याकडं राहू दे." मी ते घेतले. शेजारी ताई बसली होती. आबांच्या शेवटच्या आजारात दोन वर्षे त्यांचे औषधपाणी तिनेच केले होते. पण त्या क्षणी तिला विचारावे हे कोणाच्याच डोक्यात आले नाही. माझ्याही आले नाही.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. तिची मुलगी नर्सिंगचा कोर्स पास होऊन एका रुग्णालयात लागली आहे. "आबांचं घड्याळ चालतंय का रे? त्याला सेकंदाचा काटा होता. पोरीला नाडी मोजायला लागतो." एवढेच ती बोलली. मी "बघतो" म्हणालो आणि डबा उघडला. पट्टा वाळून तुटला होता, काच धुरकट झाली होती आणि चावी फिरत नव्हती.

दुसऱ्या शनिवारी कार्यालयाला सुट्टी असते. सकाळी नऊच्या सुमारास अंबरनाथहून लोकल धरली आणि सवा तासाने व्हीटीला उतरलो. स्थानकाचे नाव १९९६ मध्ये बदलले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडले गेले, ते योग्यच झाले. पण आमच्या पिढीच्या तोंडून गर्दीत अजून व्हीटीच निघते. प्रवासात घड्याळ रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवले होते. दर दोन स्टेशनांनी हात खिशाकडे जात होता.

हे घड्याळ कोणते, ते सांगायला हवे. एच. एम. टी. कंपनीचे 'जनता'. आजच्या तरुण वाचकांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल. पण त्यांच्या आजोबांना विचारा. सरकारी मालकीच्या या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीचे सहकार्य घेऊन बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला आणि १९६१ साली पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. तोवर मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी वस्तू, साहेबाची नाहीतर सावकाराची. एच. एम. टी.ने ती मास्तराच्या, कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या मनगटावर आणली. 'जनता'ला सेल नसतो. रोज चावी द्यायची, की आतली कमान आवळली जाते आणि सैल होत होत चाके फिरवते. डायलवर 'सतरा ज्वेल' असे लिहिलेले असते, त्यावरून चाळीत पुष्कळांचा समज होता की आत सतरा हिरे आहेत! ते कारखान्यात तयार केलेले माणकाचे खडे असतात. बाजारात त्यांना किंमत नाही. पण बारीक चाकांचे आस त्यांच्यात फिरतात, म्हणून ते झिजत नाहीत. आतले तोलचाक सेकंदाला पाच ठोके टाकते. हिशेब माझ्या हाडातच आहे, म्हणून करून पाहिला : दिवसाला चार लाख बत्तीस हजार.

आबांनी हे घड्याळ १९७५ च्या दिवाळीच्या बोनसमधून घेतले. दुकानदाराने दुसरीही दोन मॉडेल दाखवली होती. आबांना फक्त देवनागरी वाचता येई. डायलवर 'जनता' हे अक्षर पाहिले आणि त्यांनी दुसरीकडे बघितलेच नाही. आमच्या आजोबांच्या खोलीवर बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राचे जुने अंक ट्रंकेत असत. १९३० साली सुरू झालेले ते पत्र १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. कारखान्याच्या मनात हा संबंध असण्याचे कारण नाही. आबांच्या मनात मात्र तो पक्का होता.

ते लोअर परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. सुरुवातीची सहा वर्षे बदली कामगार. बदली म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात होऊन गेले त्यांना सांगायला नको. पाळीच्या आधी गेटवर उभे राहायचे, कायम माणूस आला नाही तर तुमचा नंबर. दोन मिनिटे उशीर म्हणजे त्या दिवसाची रोजी बुडाली. पहिली पाळी सातची. भोंगा व्हायचा, पण भोंगा सर्वांसाठी. आबांना भोंग्याच्या आधी पोचायचे असे. म्हणून त्यांचे घड्याळ कायम दहा मिनिटे पुढे. कायम झाल्यावरही त्यांनी ते मागे घेतले नाही. आमच्या घरात वेळ विचारली की आई म्हणायची, "आबांच्या घड्याळात साडेसहा, म्हणजे सहा-वीस."

मुंबईला ही सवय जुनीच म्हणायची. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, पण मुंबईने ती मनावर घेतली नाही. इथे 'मुंबई टाइम' म्हणून वेगळी वेळ चाले, ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. नगरपालिकेने ती १९५५ पर्यंत सोडली नाही. आगगाडीची वेळ एक आणि शहराची दुसरी. आबांचा जन्म १९४५ चा, म्हणजे त्यांच्या लहानपणी या शहरात दोन वेळा नांदत होत्या. तिसरी त्यांनी स्वतःची काढली.

असो. व्हीटीहून बाहेर पडून डी. एन. रोडच्या कमानीखालून चालू लागलो. हा रस्ता माझ्या पायाखालचा. याच रस्त्यावर आनंद भवनात आमचे सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय. मी तिथूनच बी. कॉम. झालो. तेव्हा कमानीखाली घड्याळवाले, पेनवाले, कॅलक्युलेटरवाले इतके असत की वर्गात पोचायला उशीर होई. आता मोबाईलचे कव्हर विकणारे आहेत.

आधी एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो. वातानुकूलित. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने घड्याळ दोन बोटांत धरून पाहिले आणि अदबीने परत दिले. "सर, आम्ही फक्त सेलची घेतो. यावर खर्च करण्यापेक्षा नवीन बघा ना." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्या कारखान्यात हे घड्याळ झाले तोच उरलेला नाही. सेलच्या घड्याळांचे दिवस आले, १९८४ साली टायटन कंपनी निघाली, लोकांना पातळ आणि चकचकीत घड्याळे आवडू लागली आणि एच. एम. टी.चा घड्याळ विभाग वर्षानुवर्षे तोट्यात गेला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो बंद करण्यास मंजुरी दिली. सुटे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. ते मेलेल्या घड्याळांतून येतात.

हे वाक्य माझे नाही, ज्यांच्याकडे मी नंतर गेलो त्या चाचांचे. फोर्टातल्या एका गल्लीत जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचे दुकान. दुकान म्हणजे एक काचपेटी, एक दिवा, एक स्टूल. वय सत्तरीचे. डोळ्याला भिंग अडकवून ते वर न बघताच म्हणाले, "जनता है. किसकी है?" मी म्हणालो, "वडिलांचं." तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

मागच्या झाकणावर आबांनी खिळ्याने कोरलेला आकडा आहे : ११६३. त्यांचा गिरणीतला तिकीट नंबर. चाचांनी त्यावर अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत. चाकूच्या बोथट पात्याने झाकण उघडले. आतले तेल वाळून डिंकासारखे झाले होते. तोलचाकाचा आस मोडलेला. काच बदलावी लागेल. चावी गंजलेली. सगळे मिळून पंधराशे रुपये. वर सहाशे दिले तर डायल नवा रंगवून आणि केस घासून पॉलिश करून देऊ, "एकदम शोरूम पीस".

म्हणजे एकवीसशे. आणि चालू स्थितीतले तसेच घड्याळ बाहेर फूटपाथवर बाराशे-पंधराशेला मिळते, हेही त्यांनीच सांगितले. लपवून ठेवले नाही. माझ्यातल्या कारकुनाने लगेच वही उघडली : वस्तूची किंमत कमी आणि दुरुस्तीचा खर्च जास्त, तर अशी वस्तू खातेवहीत निकालात काढतात. दुसरा विचार आला की आहे तसेच ठेवावे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर जपून ठेवले आहेत. ते पाहताना कोणाला असे वाटत नाही की कोटाला नवी बटणे लावावीत. आबा काही मोठे पुरुष नव्हते, पण आमच्यासाठी तेवढेच. त्यांच्या हातून थांबलेले घड्याळ, थांबलेलेच का राहू नये?

मी हे चाचांना माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगू लागलो, तोच त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. "अंदर देखो. ढक्कन के अंदर."

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे होती. जुने कारागीर घड्याळ दुरुस्त केले की आत अशी खूण करून तारीख घालतात, म्हणजे पुन्हा आले तर काय केव्हा केले ते कळते. तिथे तीन खुणा होत्या, तिन्ही वेगवेगळ्या हातांच्या. ९-७९. ६-८४. २-९५.

आबांनी ते तीनदा उघडून घेतले होते. आमच्या घरात कोणालाच हे माहीत नव्हते. आई तर नेहमी सांगायची की, "घड्याळाला कधी हात लावावा लागला नाही." म्हणजे आबांनी तो खर्च तिला सांगितलाच नव्हता! जो माणूस तीनदा पैसे मोडून ते चालू करून घेतो, त्याच्या नावाने ते बंद ठेवायचे, हे मला पटेना.

पण ८४? तो आकडा मनात अडकला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. ऐकून माहीत आहे ते एवढेच की भांडी गेली, आईचे डोरले गेले आणि घड्याळ सावकाराकडे गहाण पडले. संप कधी मागे घेतला गेला नाही, आबांना परत कामावर घेतले गेले नाही. पुढे ते वरळीला एका इमारतीवर वॉचमन झाले. हाताला कायमचे काम नव्हते तेव्हा १९८४ मध्ये घड्याळ सोडवायला आणि वर दुरुस्त करायला पैसे कुठून आले?

जिन्याखालून बाहेर येऊन ताईला फोन लावला. तिला तारखा वाचून दाखवल्या. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ते माझे पैसे होते."

तेव्हा ती तेरा वर्षांची. सातवीतून शाळा सुटली होती. चाळीतल्या बायकांबरोबर घरी टिकल्यांची पाकिटे भरायचे काम करी. शंभर पाकिटांवर पैसे मिळत. आठ महिने तिने ते पैसे साठवले, तिला शाळेत परत नाव घालायचे होते. आबांना चौकीदारीची नोकरी मिळत होती, पण रात्रपाळीला गस्तीच्या वेळा पाळायच्या, घड्याळ हवे. नोकरी हातची जाईल म्हणून तिने डबा आईच्या पुढे ठेवला. "आबांनी घेतले. मग माझ्याकडं बघितलं नाही दोन दिवस," ताई म्हणाली. "तुला कशाला सांगायचं? तू लहान होतास."

मी डी. एन. रोडवर उभा होतो. शनिवारची गर्दी दोन्ही अंगांनी जात होती. ज्या घड्याळाच्या जोरावर आबांची नोकरी टिकली, त्या नोकरीवर माझे शिक्षण झाले. समोर माझे कॉलेज दिसत होते. आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते घड्याळ मी हात पुढे करून घेतले होते.

"ताई, ते तुझंच आहे," मी म्हणालो. "काय करायचं ते तू सांग. डायल नवा होईल, मागचं घासून चकचकीत करतील."

"घासू नको," ती म्हणाली. "नंबर राहू दे. डायलला पण हात लावू नको. नुसतं चालू कर."

आत जाऊन चाचांना तसे सांगितले. ते म्हणाले, आस माझ्याकडे नाही. चोरबाजारात जा आणि एक मेलेली 'जनता' घेऊन या, तिच्यातला काढून घालतो. म्हणून चालत निघालो. वाटेत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आपली महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ सालची इमारत, वर घड्याळाचा मनोरा. मग महंमद अली रोड, डोक्यावर जे. जे.चा उड्डाणपूल, खाली हातगाड्या, अत्तराचा आणि कबाबचा वास. भेंडीबाजारात जुन्या इमारती जाऊन टोलेजंग उभ्या राहत आहेत. ते पाहताना डिलाईल रोडच्या आमच्या बी. डी. डी. चाळीची आठवण झाली. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही सात माणसे. ताईचे लग्नही तिथल्याच दोन इमारती सोडून झाले. आता पुनर्विकासासाठी ती संक्रमण शिबिरात राहते आहे आणि नव्या घराची वाट बघते आहे.

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर ग्रामोफोन, कंदील, सिनेमाची जुनी पोस्टरे असे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाणारे सामान पुष्कळ. घड्याळवाले कडेला. एकाने ताडपत्रीवर एच. एम. टी.चा ढीगच घातला होता. वर मांडलेली घड्याळे निळ्या, हिरव्या, शेंदरी रंगाची. कारखान्याने असे रंग कधी काढले असतील असे वाटत नाही. जुन्या डायलवर नवा रंग मारून ती शौकिनांना विकतात. खाली पोत्यात बंद पडलेली. मी त्यात हात घातला. एकाच्या पाठीवर 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' असे कोरलेले आणि खाली एक नाव. ते नाव मी इथे देत नाही. कोणत्यातरी घरात ते पोत्याच्या भावाने गेले असणार. तीच 'जनता' होती आणि तिचे तोलचाक हलवले की डोलत होते. तीनशे म्हणाला, अडीचशेला दिली. आबांच्या घड्याळासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांचे घड्याळ मोडायचे, हे मनाला जरा लागले, पण घेतले. झाकण मात्र मी चाचांकडून परत मागून घेतले आहे. त्याचे काय करायचे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

आठवड्याने घड्याळ मिळाले. चाचांनी माझ्यासमोर झाकणाच्या आत चौथी खूण ओरखडली, मग चावी देऊन ते माझ्या कानाला लावले. सूचनाही दिल्या : रोज एकाच वेळेला चावी द्यायची, घट्ट लागली की थांबायचे, जोर करायचा नाही, पाण्यापासून जपायचे, याच्या आत पाणी सहज शिरते, आणि दिवसाला दोन-तीन मिनिटे मागेपुढे झाले तर तक्रार घेऊन यायचे नाही.

त्याच रविवारी संक्रमण शिबिरात गेलो. भाचीने घड्याळ हातात घेतले, काटा फिरताना पाहिला आणि हसली. मग म्हणाली, "मामा, मला वॉर्डात मनगटावर काही घालून चालत नाही. सारखे हात धुवायचे असतात, कोपरापर्यंत. मी खिशाला लावायचं छोटं घड्याळ घेतलं मागच्या आठवड्यात." ज्या कारणासाठी एवढी फेरी केली ते कारणच गेले! दाजी म्हणाले, "मग काचेत लावून ठेवू या."

ताईने कोणाचे ऐकले नाही. नवा काळा पट्टा तिच्या मनगटाला मोठा होत होता. तिने सुईने त्याला आणखी एक भोक पाडले आणि घड्याळ बांधले. पुरुषी घड्याळ, तिच्या बांगड्यांच्या वर. मी मोबाईलवर बघून वेळ बरोबर लावून दिली होती, अकरा वाजून पाच मिनिटे. ती ते घेऊन खिडकीशी गेली, चावी बाहेर ओढली आणि काटा सव्वाअकरावर नेऊन ठेवला.